साकवावरून पलीकडे कोण गेलं?

आमदार शिवदासराव बहारीनला येणार म्हणून आमच्या मराठी मंडळाने मीटिंगांवर मीटिंगा घेतल्या आणि त्या सगळ्यांत मिळून एकच गोष्ट ठरली: स्वागताचं भाषण नीलम करणार. नीलम म्हणजे मी. नुकतीच दहावीत गेलेय, गुदैबियात राहते, आणि शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून माझं तोंड बंद होत नाही असं आईचं म्हणणं आहे. खरं तर आधी मी वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरायचे. आता हात आपोआप वर जातो. कधी कधी प्रश्न ठरायच्या आधीच जातो.

मंडळातल्या बाकीच्या मुलांना मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्लिशमध्ये देतात. माझं मराठी कॅसेटवर झालंय. माझी आजी, इंदुबाई, कोकणात कोंडसरच्या बौद्धवाडीत एकटी राहते. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती टेपसमोर बसून बोलते, आणि सुटीवरून परत येणारं कोणीतरी ती कॅसेट आम्हाला आणून देतं. आम्हीही तशीच भरून पाठवतो. आजी बोलता बोलता कोंबड्या हाकलते, खोकते, शेजारणीला ओरडते, आणि शेवटी 'बाकी सगळं बरं हाय' म्हणते. त्या ऐकत ऐकत मी मोठी झाले. म्हणून मी ओढ्याला पऱ्या म्हणते, आणि मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे महादेवकाकांना, भाषणात पऱ्या नको होता.

"सागर म्हण, बाळा. सेतू म्हण. साहेब सेतूचा अभ्यास करायला येतायत."

हो, अभ्यास! आपल्या राज्यातून एक अख्खी समिती, आमदार, अधिकारी आणि एक इंजिनिअर, सरकारी खर्चाने विमानात बसून येणार होती. बहारीनहून सौदीला जाणारा समुद्रावरचा पूल आहे ना, तो बघायला. रावजीकाकांनी हे ऐकलं तेव्हा ते आमच्याकडे बांगड्याचं कालवण ओरपत होते. हसताना त्यांना काटाच लागला.

"पऱ्यावर साकव घालता येत नाही, आणि समुद्रावरच्या पुलाचा अभ्यास! उद्या उंट बघायला येतील, म्हणे गाढवांचा विकास करायचाय."

रावजीकाका खालच्या मजल्यावर राहतात आणि मिनीबस चालवतात. तेही कोंडसरचेच, पण गावाच्या बाजूचे. आमची वाडी पऱ्याच्या पलीकडे. गावात असते तर बाबा त्यांच्या घरात पडवीच्या आत गेले नसते. इथे रावजीकाका दर शुक्रवारी आमच्या ताटावर असतात. त्या दिवशी ते महिनाभराची रजा संपवून नुकते परत आले होते, आणि आजीची खुशाली सांगायला आले होते.

"कुठला साकव म्हणतोस, रावजी?" बाबांनी घास हातातच ठेवला. "आमचा तर झाला ना."

"झाला? कोण म्हणतं? दोन खांब उभे आहेत. त्यावर कावळे बसतात. आणि एक पाटी आहे, संगमरवरी, तुझ्या टीव्हीपेक्षा मोठी, शिवदासरावांच्या नावाची."

एका साकवासाठी बाबांचा घास हातातच राहिला होता. का, ते सांगते. साकव म्हणजे पऱ्यावरचा छोटा पूल, माणसांना चालत जाण्यापुरता. आमच्या वाडीचं डॉक्टर, दुकान, एस.टी. सगळं पऱ्याच्या अलीकडे, गावात. पावसात पऱ्या फुगला की वाडी तिकडे अडकली. गेल्या पावसात आजीच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा वाडीतल्या लोकांनी तिला खुर्चीत बसवून कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. हे आजीने कॅसेटमध्ये सांगितलं नाही. दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तेव्हा बाबांनी ठरवलं की येत्या मेमध्ये रजा घ्यायची आणि पावसाआधी आजीला तालुक्याला, डॉक्टरच्या जवळ खोली बघून ठेवायची.

आणि मग आजीची ती कॅसेट आली. "दशरथा, साकवाचं उद्घाटन झालं हां. सायेब आलेला. नारळ फोडलान, पेढा दिलान. आता तू धावत येव नको."

बाबांनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले! बहारीनमध्ये, एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये, कोंडसरच्या साकवाचे पेढे. स्टोअरमधून एका वेळी एकालाच रजा मिळते, म्हणून मेची रजा त्यांनी रहिमतुल्ला चाचांना देऊन टाकली आणि स्वतः डिसेंबर घेतला. येत्या शनिवारी मॅनेजर रजेच्या यादीवर सही करणार होता. सही झाली की खलास.

"आई खोटं बोलेल?" बाबा म्हणाले.

"मी कुठे तसं म्हणालो? मी बघून आलो ते सांगतोय."

"रावजी, तुमच्या लोकांना आमचा साकव कधी बघवणार आहे?"

रावजीकाकांनी ताट पुढे सरकवलं. हात धुतला. दारात वळून एवढंच म्हणाले, "वहाणा हातात घेऊन गेलो होतो तुझ्या आईकडे." आणि गेले. कालवण अर्धं तसंच राहिलं.

मी बाबांवर इतकी चिडले की घरभर येरझारा घालत राहिले. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात येरझारा म्हणजे दर दोन पावलांनी फ्रीज. "तुम्ही कॅसेट नीट ऐका ना! ती म्हणते उद्घाटन झालं. साकव झाला असं म्हणतच नाही!"

"उद्घाटन कशाचं करतात मग? हवेचं?"

"करतातच!"

"नीलम." बाबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी सरकारी वसतिगृहाची भाकरी खाऊन शिकलो. सरकारी शिष्यवृत्तीवर आयटीआय केलं. सगळंच खोटं असतं तर मी आज पऱ्यात खेकडे धरत असतो. उठसूट सरकारला शिव्या घालणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, जयंतीचा हार अजून ताजा. खोटं नव्हतंच ते. पण खांबांवरचे कावळे मला दिसत होते. रात्रंदिवस दिसत होते. शाळेत गणिताच्या तासाला माझा पाय इतका हलत होता की बाकावरची कनीज म्हणाली, भूकंप थांबव. वाडीत फोन नाही, पत्राला दोन आठवडे लागतात, आणि शनिवार समोर. खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, त्या पाटीवरचा, आणि तो शुक्रवारी विमानाने माझ्याकडेच येत होता.

शुक्रवारी सकाळी मिनीबस रावजीकाकाच चालवत होते. ते आणि बाबा एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. समिती मागे बसली. महादेवकाकांनी प्रत्येकाला गल्फची पिशवी दिली: टॅंग, अत्तर, टॉर्च, ब्लँकेट. दोघांनी बायकोसाठी म्हणून दुसरी मागितली. सीफला समुद्रात भर टाकून जमीन करायचं काम चाललंय, तिथे गाडी हळू झाली तेव्हा शिवदासराव खिडकीतून बघत म्हणाले, "बघा! समुद्र बुजवतायत! ह्याला म्हणतात इच्छाशक्ती."

"आमच्याकडे विहिरी बुजवतात," रावजीकाका आरशात बघून म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

पुलाच्या मधोमध एक बेट आहे. आमच्यासारख्यांना तिथवरच जाता येतं, पुढे सौदीचा व्हिसा लागतो. तिथल्या उंच मनोऱ्यावर रेस्टॉरंट आहे. आम्ही सुटीला जातो, वर चढतो, पूल बघतो, आइस्क्रीम खातो, परत येतो. समितीनेही अगदी तेच केलं, फक्त त्याला अभ्यास म्हटलं. काचेतून दोन्हीकडे पूल दिसत होता, पाण्यावर लांबच लांब, दोन्ही टोकं धुरकट उन्हात हरवलेली. शिवदासरावांनी विचारलं, "ह्याचा टोल कोण घेतं?" इंजिनिअर साहेबांनी फोटो काढले. सगळ्यांत शिवदासरावच होते. मग आइस्क्रीम आलं आणि अभ्यास संपला.

मी भाषण केलं. सागर म्हटलं, सेतू म्हटलं. टाळ्या पडल्या. महादेवकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवदासरावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"काय गोड मराठी! परदेशात राहून! मूळ गाव कुठलं, बेटा?"

"कोंडसर."

"अरे, मग तू आमच्याच मतदारसंघातली की!"

हात वर गेला. कशाला गेला कोण जाणे, साहेब तर समोरच होते.

"साहेब, कोंडसरच्या बौद्धवाडीचा साकव झाला का?"

महादेवकाका खोकले. "नीलम, पाहुण्यांना..."

"अहो, विचारू द्या, विचारू द्या! झाला की, बेटा! माझ्याच हस्ते उद्घाटन झालं. फार जुनी मागणी होती तुमच्या वाडीची."

बाबांचा चेहरा! दिवाळीतल्या भुईचक्रासारखा. त्यांनी हात जोडले. "साहेब, मी त्याच वाडीचा. दशरथ. उपकार झाले." आणि मग त्यांनी वळून रावजीकाकांकडे पाहिलं. रावजीकाका गाडीच्या किल्ल्यांकडे, त्या मोजत असल्यासारखे, बघत होते.

झालं, हरले, असं मला वाटलं. पण स्पर्धेत शेवटी खंडनाला वेळ देतात, आणि मी तो वेळ कधी सोडत नाही.

"साहेब, तुम्ही साकवावरून पलीकडे गेलात?"

"पलीकडे म्हणजे?"

"वाडीत. पलीकडे पहिलंच घर माझ्या आजीचं आहे."

"अगं, त्या दिवशी माझी पाच उद्घाटनं होती. वेळ कुठे असतो?"

"मग दुसरं कोण गेलं?"

कोणीतरी हसलं. "वकील करा हिला," कोणीतरी म्हणालं. शिवदासरावही हसले, पण त्यांनी इंजिनिअर साहेबांकडे पाहिलं. इंजिनिअर साहेब चांगले होते, खरंच. त्यांना फक्त मदत करायची होती. चमचा चाटत ते मला समजावू लागले.

"बेटा, जाण्याचा प्रश्न इतक्यात येतच नाही. त्या कामाचे दोन टप्पे आहेत. टप्पा एक म्हणजे खांब, तो पूर्ण झाला. त्याचं उद्घाटन झालं. वरचा स्लॅब टप्पा दोनमध्ये येतो."

चमचा त्यांनी पुन्हा आइस्क्रीममध्ये घातला.

"टप्पा दोन कधी?" मी विचारलं.

"प्रस्ताव गेलेला आहे."

"इंशाल्ला," रावजीकाका म्हणाले. इथे काम होणार नसलं की ऑफिसात हेच ऐकायला मिळतं, त्यामुळे मंडळातले सगळे फुटले. महादेवकाकासुद्धा. समितीला काय झालं ते कळेना, म्हणून तेही हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते, खाली आणायचे राहून गेले होते. "साहेब, ह्या पावसाआधी होईल का? आई एकटी असते. गेल्या वर्षी तिला..."

शिवदासरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "दशरथ, मनापासून सांगू? तुम्ही परदेशातली मंडळी. देवाने तुम्हाला भरभरून दिलंय. तुम्हीच वर्गणी काढून स्लॅब टाकलात तर किती आदर्श होईल! प्रत्येक गोष्टीला सरकारची वाट कशाला बघायची?" मग महादेवकाकांकडे वळून, जरा हळू आवाजात: "सोन्याचा बाजार शुक्रवारी किती वाजता उघडतो हो?"

मला ओरडायचं होतं. खरंच सांगते, जिभेवर सगळं तयार होतं, मुद्देसूद, उपसंहारासकट. पण बाबा काचेपाशी जाऊन उभे राहिले होते आणि खाली बघत होते. पुलावरून गाड्या जात होत्या, येत होत्या, एकही थांबत नव्हती. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मी गप्प बसले, हे ऐकून आईला अजून खरं वाटत नाही.

समितीला बाजारात सोडल्यावर बाबा उठून पुढे रावजीकाकांच्या शेजारी जाऊन बसले. मागे मी नखं खात होते.

"पऱ्यात पाणी किती होतं?" बाबांनी विचारलं.

"घोट्याएवढं. पण शेवाळ आहे."

"आई कुठे होती?"

"काठावर. मी पाण्यात उतरताना तिने बघितलं." रावजीकाकांनी गिअर बदलला. "म्हणाली, रावजी, माझ्या दशरथला सांगू नको हां. तो उगाच रजा टाकून धावत येईल. पोराचा जीव लागणार नाही कामात."

"आणि तू सांगितलंस."

"मग? तू मला शिव्या घातल्यास त्या परत घे."

"घेतल्या. खलास." बाबांनी डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे. "गाडी रिफाला घे. रहिमतुल्लाच्या घरी."

"यल्ला! चला!" मी मागून ओरडले, आणि दोघंही दचकले.

रहिमतुल्ला चाचा लुंगीवर दारात आले. बाबांनी दारातच सगळं सांगितलं. चाचांनी घरी मेमध्ये येतो म्हणून कळवलेलं होतं. त्यांची अम्मी वाट बघत होती. ते ऐकून बाबा मागेच सरकले. "नहीं, नहीं, फिर रहने दो." मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"रुको तो," चाचा म्हणाले. "पुल बन गया था ना? तूने मिठाई खिलाई थी पूरे स्टोअर को!"

"खंबे बने हैं. ऊपर कुछ नहीं है."

"खंबों की मिठाई?" चाचांनी कपाळावर हात मारला. मग दाढी खाजवली. "अम्मी को मैं समझा दूँगा. उनके यहाँ तो नदी नहीं है. तू जा. लेकिन सुन, मिठाई वापस नहीं करूँगा."

संध्याकाळी टेप काढला. आमच्याकडे कॅसेट भरायची एक पद्धत आहे: आईचं बोट पॉजच्या बटणावर असतं. बाबांचा पगार लांबला होता तेव्हा पॉज. मला कावीळ झाली तेव्हा पॉज. आजीपर्यंत फक्त बहारीनचं ऊन आणि माझे मार्क जातात. आजीच्या टेपलाही पॉजचं बटण आहे, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

"आई," बाबा टेपमध्ये म्हणाले, "साकव झाला नाही ते कळलं मला."

आईचं बोट खाली गेलं. बाबांनी ते बाजूला केलं.

"मी मेमध्ये येतो. पाऊस लागायच्या आधी तुला तालुक्याला नेतो. कोंबड्या पण नेऊ. छातीचं काय ते खरं सांग. मीही सांगेन. गेल्या वर्षी तीन महिने पगार नव्हता, आई." मग त्यांना पुढे बोलता येईना, आणि टेप नुसताच फिरत राहिला, त्या फिरण्याचा आवाज भरून घेत. मग मी बोलले. भरपूर बोलले. बाजू संपली.

"आता ही कोणाबरोबर पाठवायची?" आई म्हणाली. "ह्या आठवड्यात कोण जातंय?"

मी बाबांकडे बघितलं. हात वर केला.

शनिवारी सकाळी, शाळेचा युनिफॉर्म घालून, मी रावजीकाकांच्या मिनीबसमधून विमानतळावर गेले. समितीच्या सामानाला ट्रॉल्या पुरत नव्हत्या. मी शिवदासरावांना गाठलं आणि कॅसेट दोन्ही हातांनी पुढे केली. गल्फहून जाणाऱ्याला कोणी कॅसेट दिली तर नाही म्हणायचं नसतं. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे बघत होते.

"इंदुबाई, कोंडसर बौद्धवाडी," मी म्हटलं. "हातात द्यायची, साहेब. पलीकडे पहिलंच घर."

त्यांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "देतो, देतो. पाठवतो कोणाला तरी."

"ज्याला पाठवाल त्याला सांगा, वहाणा हातात घ्याव्या लागतात. आणि शेवाळ आहे."

ते हसले नाहीत. कॅसेट त्यांनी सफारीच्या खिशात टाकली आणि आत गेले. काचेतून ते दिसेनासे होईपर्यंत मी टाचा उंच करून बघत होते. रावजीकाकांनी पैज लावली आहे की कॅसेट कोंडसरला पोचणारच नाही. बाबा म्हणतात पोचेल, पण हल्ली ते 'इंशाल्ला' जोडतात. मी काहीच लावलेलं नाही. बाबा मेमध्ये पऱ्या उतरून गेले की आजीला पहिलं काय विचारायचं ते मी त्यांच्याकडून रोज पाठ करून घेतेय: कॅसेट आली का, आणि घेऊन येणाऱ्याचे पाय ओले होते का.